फिजिओ येते अर्धा तास, उरलेला दिवस आपल्याकडे

माझ्या सासूबाईंचं (वय 74) पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, आतड्याला पीळ पडला होता, सगळं अचानक, त्यामुळे आधी ना तयारी ना काही वाचलेलं. ऑपरेशन नीट झालं, आम्ही बाहेर बसून होतो, त्यामुळे त्याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते नंतरच्या दिवसांचं. आम्हाला वाटत होतं मोठं काम झालं, आता नुसता आराम.

दुसऱ्या दिवशी राउंडला सर्जन आले, ड्रेसिंग बघितलं, ड्रेनमध्ये (पोटात साठणारं पाणी बाहेर काढायची नळी आणि पिशवी) किती आलंय ते बघितलं आणि जाता जाता सिस्टरला म्हणाले, यांना आज खुर्चीत बसवा. मला आधी वाटलं शेजारच्या पेशंटबद्दल बोलतायत. नाकात नळी, हाताला सलाईन, पोटाला ड्रेन, खाली लटकलेली यूरिन बॅग, आणि यांना खुर्चीत? नणंद तर बोललीच, "अहो डॉक्टर, कालच ऑपरेशन झालंय." ते म्हणाले, "म्हणूनच तर." आणि गेले पुढच्या बेडकडे.

दुपारी फिजिओ, म्हणजे व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपिस्ट, आली, वयाने लहानच मुलगी पण एकदम ठाम, तिने जरा नीट समजावलं. पडून राहिलं की छातीचा खालचा भाग नीट फुगत नाही, तिथे कफ साठतो, त्यातून न्यूमोनिया. पायातलं रक्त संथ होतं, गुठळी होऊ शकते. ऑपरेशननंतर आतडी आधीच सुस्त असतात, ती अजून सुस्तावतात. आणि स्नायू. पेशंट पडून आहे तोवर स्नायू गेलेले कळतच नाहीत, उभं करायला जाल तेव्हा कळतं, असं ती म्हणाली. रात्री बेडशेजारी बसून मी फोनवर वाचत होते तेव्हा 2007 चा एक अभ्यास सापडला, धडधाकट म्हाताऱ्या माणसांना 10 दिवस नुसतं बेडवर ठेवलं, आजार काही नाही, तरी पायांचे स्नायू सरासरी जवळपास 1 किलो कमी झाले. आजार नसताना! इथे तर पोट फाडलेलं, भूक नाही, अंगात इन्फेक्शन. त्याच्याही आधी 1966 मध्ये अमेरिकेत डॅलसला 20 वर्षांच्या पाच मुलांना तीन आठवडे झोपवून ठेवलं होतं, आणि 30 वर्षांनी त्यांनाच पुन्हा तपासलं तर निघालं काय, की वयाच्या 30 वर्षांनी त्यांच्या शरीराची दमाची ताकद जेवढी कमी झाली नव्हती तेवढी त्या तीन आठवड्यांनी झाली होती. हे वाचल्यावर माझी झोप उडाली ते वेगळं, पण सकाळी भेटायला येणाऱ्यांशी वाद घालायला मुद्दे मिळाले.

कारण भेटायला येणारा प्रत्येक माणूस एकच वाक्य घेऊन येतो, "अजिबात उठू नका हं, पडून राहा, शांत आराम करा." प्रेमानेच म्हणतात. पूर्वी डॉक्टरसुद्धा हेच सांगायचे, ऑपरेशन असो की हार्ट अटॅक, आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवायचे. रिचर्ड ॲशर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने 1947 मध्येच लिहून ठेवलं होतं की बेडवर पडून राहणं धोक्याचं आहे, पण अजूनही आपल्या मनात आजारी माणूस म्हणजे आडवा माणूस हेच बसलंय.

आता प्रत्यक्ष बसवायचं कसं. माझी कल्पना अशी की एकाने पाठीला धरायचं, दुसऱ्याने हात ओढायचे आणि उचलून बसतं करायचं. फिजिओने पहिलं काम काय केलं तर आमचे हात बाजूला केले. काखेत धरून किंवा हात ओढून उठवायचं नाही, खांदा जातो आणि पोटाच्या टाक्यांवर ताण येतो तो वेगळाच. मग तिने दाखवलं, आधी दोन्ही गुडघे वाकवायचे, मग खांदा आणि कंबर एकदम, मध्ये पीळ न देता, कुशीवर वळायचं. पोटावर घडी केलेला टॉवेल किंवा छोटी उशी घट्ट धरायची (खोकतानासुद्धा हीच उशी, आईंनी ती शेवटपर्यंत सोडली नाही). मग पाय बेडच्या कडेवरून खाली सोडायचे आणि त्याच वेळी खालच्या हाताच्या कोपराने बेड दाबत वर यायचं. पाय खाली जातात तसं अंग आपोआप वर येतं. आमचं काम फक्त पाठीमागे हात तयार ठेवायचा, ढकलायचं नाही.

बसल्या. रंग उडालेला चेहरा, डोळे मिटलेले, "गरगरतंय गं." फिजिओ म्हणाली, आजी, डोळे उघडे ठेवा, समोर बघा, पाऊलं वर-खाली करा. बेड खाली घेतलेला होता म्हणून पाऊलं पूर्ण जमिनीला टेकली, हे फार महत्त्वाचं निघालं, पाय लोंबकळत असले की माणूस घाबरतो आणि बेडची कड धरून बसतो. सिस्टरने बीपी घेतलं. झोपल्यावरचं आणि उठल्यावरचं बीपी दोन्ही बघतात, वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने पडला तर चक्कर येऊन पडायची भीती असते, मग घाई करायची नाही. आमचा थोडा पडला होता पण तेवढा नाही. त्या दिवशी तेवढंच, कडेवर बसणं आणि मग दोन पावलं बाजूला सरकून खुर्चीत. आईंनी खुर्चीत बसून पहिलं वाक्य काय म्हटलं तर, "हे कोणाच्या डोक्यातून निघालं?"

बेडचं डोकं क्रँकने वर करून दिलं की आपण म्हणतो पेशंट बसलाय. फिजिओ म्हणाली ते बसणं नाही. त्यात माणूस हळूहळू खाली घसरत जातो, कंबरेखालची कातडी घासते, बेडसोर (पडून राहून होणाऱ्या जखमा) तिथेच सुरू होतात, आणि पाय तर झोपलेलेच राहतात. खरं बसणं म्हणजे पाय जमिनीवर. मग आम्ही नियमच केला, खाणंपिणं सुरू झाल्यावर दर वेळी खुर्चीतच. पण तासभर झाला की परत बेडवर किंवा जरा उभं करायचं, कारण खुर्चीत चार तास बसवून ठेवणं हेही काही चांगलं नाही.

नळ्यांचं खातं माझ्याकडे आलं. हे काम कोणी शिकवत नाही पण चालणं अडतं ते इथेच. उठायच्या आधी मी बघायचे की पेशंट ज्या बाजूने उतरणार त्याच बाजूला सलाईनचा स्टँड आहे ना, नळी रेलिंगमध्ये अडकली नाही ना, ड्रेनची पिशवी गाऊनला पिन केलीये ना, यूरिन बॅग कायम पेशंटच्या मूत्राशयाच्या पातळीखाली (बेडवर ठेवून दिली की लघवी उलटी जाऊ शकते आणि इन्फेक्शन होतं). एकदा तर सगळं तयार, आई उभ्या राहिल्या आणि बोटाला लावलेली ऑक्सिजन बघायची क्लिप बेडच्या त्या बाजूच्या मॉनिटरला जोडलेली, ताणली गेली आणि अलार्म वाजायला लागला, तीन जण धावत आले. तेव्हापासून मी उठायच्या आधी डोक्यापासून पायापर्यंत एकदा सगळ्या नळ्या बोटाने मोजायचे. आणि सिस्टरला विचारायचे, सलाईन थोडा वेळ बंद करून लॉक (हातातली सुई तशीच ठेवून तिला बूच) लावता येईल का. बऱ्याचदा येतं! दोन डोसांच्या मध्ये नळीची गरजच नसते, पण विचारलं नाही तर ती लटकलेलीच राहते.

तसंच कॅथेटरचं, म्हणजे लघवीच्या नळीचं. ऑपरेशनच्या वेळी टाकतात ते ठीक, पण नंतर तो राहून जातो कारण सगळ्यांनाच सोयीचा. पेशंटला उठायला नको, आपल्याला उठवायला नको, सिस्टरलाही माप मिळतं. मी रोज राउंडला एकच प्रश्न, "आज काढायचा का?" दोनदा नाही म्हणाले, कारण लघवीचं माप हवं होतं, मग काढला. आणि कॅथेटर गेला त्या दिवसापासून खरा फरक पडला, कारण आता बाथरूमला जावंच लागणार. फिजिओचे व्यायाम आई कंटाळून करायच्या, पण बाथरूमला जायचं म्हटलं की स्वतःहून पाय खाली सोडायच्या.

इथे एक भांडण झालं, भांडण म्हणजे बोलाचाली. रात्रपाळीला डायपर लावून द्या असं सांगितलं गेलं, आजी रात्री उठल्या आणि पडल्या तर? आणि त्यांचंही खोटं नाही, एक सिस्टर आणि भरलेला वॉर्ड, पेशंट पडला की हाड मोडतं आणि जबाबदारी तिच्यावर येते. पण चालता येणाऱ्या बाईला डायपरमध्येच करा म्हणायचं, आईंचा चेहरा बघवत नव्हता. शेवटी असं ठरलं की झोपायच्या आधी एकदा नेऊन आणायचं, मध्यरात्रीनंतर एकदा मी स्वतःच उठवून न्यायचं, म्हणजे घाईघाईत एकट्या उठायची वेळच येणार नाही, बेल हाताशी ठेवायची, बेड अगदी खाली घ्यायचा आणि बाथरूमचा दिवा चालू. डायपर पिशवीतच राहिला.

त्याआधी आयसीयूमधल्या दिवसांचं सांगायचं राहिलं. मध्येच छातीत कफ झाला, ऑक्सिजन लागला आणि थोडे दिवस तिकडे हलवलं होतं. तिथे आईंना भास व्हायला लागले, रात्री म्हणायच्या दार कोणी लावलं, मला बाहेर सोडा, माझ्या नवऱ्याला, म्हणजे पोटच्या मुलाला, ओळखेनात. आम्ही हादरलो, वाटलं डोक्यावर परिणाम झाला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं हे म्हाताऱ्या पेशंटमध्ये बरंच दिसतं, डिलिरियम म्हणतात, इन्फेक्शन, औषधं, झोपेचा बोऱ्या, सगळ्याचं मिळून होतं, आणि त्यावर उपाय काय सांगितले तर चष्मा आणा, कानाचं मशीन आणा, दिवसा उजेडात बसतं करा, रात्री अंधार आणि शांतता, तारीख-वार सांगत राहा. चष्मा आणि मशीन आम्ही हरवेल म्हणून घरी नेऊन ठेवलं होतं. म्हणजे त्या बाईला ना दिसत होतं ना ऐकू येत होतं, वर छताकडे तोंड करून झोपवलेलं. चष्मा लावला, खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसवलं, आणि हळूहळू दोन-तीन दिवसांत गाडी रुळावर आली. नुसत्या चष्म्याने झालं असं मी म्हणणार नाही, इन्फेक्शनही उतरत होतं.

त्या कफासाठी तीन बॉलवालं स्पायरोमीटर, म्हणजे श्वासाच्या व्यायामाचं खेळण्यासारखं यंत्र, दिलं होतं. जागेपणी दर तासाला दहा वेळा. आई फुंकायच्या. सगळेच फुंकतात, मी शेजारच्या बेडवरही बघितलं. ते फुंकायचं नसतं, आत ओढायचं असतं, सावकाश, आणि बॉल वर गेला की थोडा वेळ धरून ठेवायचा. आणि बसूनच करायचं, आडवं पडून काही उपयोग नाही.

वॉर्डात परत आल्यावर फिजिओने बेडच्या पायाशी एक कागद चिकटवला, 1 ते 8 आकडे. हा स्केल जॉन्स हॉपकिन्सवाल्यांनी तयार केलाय, 1 म्हणजे नुसतं पडून, 2 बेडवर कूस बदलणं वगैरे, 3 कडेवर बसणं, 4 खुर्चीत जाणं, 5 एक मिनिट उभं राहणं, 6 दहा पावलं, 7 साधारण साडेसात मीटर, 8 म्हणजे 75 मीटर आणि पुढे. रोज गाठलेल्या सगळ्यात वरच्या आकड्याला गोल. मला हे आधी शाळेतल्या प्रगतिपुस्तकासारखं वाटलं, पण आमच्याकडे पाळ्या होत्या, सकाळी मी, दुपारी नणंद, रात्री कधी मी कधी नवरा, आणि प्रत्येकाला वाटायचं आधीच्याने चालवलं असेल. कागद आल्यावर ती पळवाट बंद झाली. नणंदेच्या पाळीत 6 आणि नवऱ्याच्या पाळीत 4 हे दोघांनाही दिसायला लागलं, त्यावरून घरात जे व्हायचं ते झालंच. आई पण विचारायच्या, "आज कितीवर गोल?"

तरी एका टप्प्यावर आई अडून बसल्या, चालणारच नाही. वेदना असतील म्हणून गोळीची वेळ बदलून घेतली, फिजिओ येण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी (ही एक गोष्ट प्रत्येकाने सिस्टरला विचारून करून घ्यावी, गोळीचा असर उतरलेला असताना व्यायाम म्हणजे छळ आहे). तरी नाही. मग संध्याकाळी माझ्याजवळ हळूच म्हणाल्या, "अगं, मागून सगळं उघडं असतं." हॉस्पिटलचा तो पाठीमागे नाड्या बांधायचा गाऊन! कॉरिडॉरमध्ये माणसं बसलेली, आणि ही बाई आयुष्यभर पदर न ढळू देणारी. फिजिओ, डॉक्टर, मी, सगळे ताकद आणि बीपीच्या हिशोबात, आणि अडलं होतं नाडीवर. घरचा पुढून बटणांचा गाऊन आणला, ड्रेन गेला होता त्यामुळे तोही घालता येत होता, आणि पायात मागून पट्टा असलेल्या रबरी तळाच्या चपला, कारण साध्या स्लिपर पायातून निसटतात आणि नुसत्या मोज्यांवर फरशीवर घसरायला होतं. दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरच्या टोकाच्या खिडकीपर्यंत गेल्या.

वॉकरचं तंत्र असं की आधी वॉकर पुढे, त्याचे चारही पाय टेकले की मग कमजोर पाय, मग चांगला. वॉकर फार पुढे ढकलला की माणूस वाकतो. आईंचा डावा गुडघा आधीचाच दुखरा, म्हणून डावा आधी. मी त्या बाजूला अर्धं पाऊल मागे, एक हात कमरेच्या पट्ट्यावर. आणि गप्पा नाही मारायच्या, हे मला जड गेलं, पण आई बोलायला लागल्या की पाय थांबायचे. मध्ये एक दिवस एकाच पोटरीला सूज दिसली, आम्ही चालवणं थांबवून आधी सिस्टरला दाखवलं, डॉपलर (पायाच्या शिरांची सोनोग्राफी) झाली, गुठळी नव्हती, पुन्हा सुरू. असं काही दिसलं, किंवा छातीत दुखलं, धाप लागली, चक्कर आली, ड्रेसिंग रक्ताने भिजलं, तर कागदावरचा आकडा गेला खड्ड्यात, आधी सांगायचं. आणि हाडाचं किंवा मणक्याचं ऑपरेशन असेल तर पायावर किती वजन टाकायचं हे सर्जनच सांगणार, आमचं बघून कोणी तसंच करायला जाऊ नका.

सगळ्यात अवघड काय गेलं तर हात आवरणं. फिजिओ दिवसातून अर्धा तास, कधी तर वीसच मिनिटं, आणि उरलेल्या वेळात आम्ही तिघं मिळून आईंना काहीच करू देत नव्हतो. तोंड पुसायचं आम्ही, केस विंचरायचे आम्ही, ग्लास तोंडाला लावायचा आम्ही. फिजिओने बघितलं आणि म्हणाली, आजींचे हात ठीक आहेत ना? मग कंगवा त्यांच्या हातात. केस विंचरताना खांदा वर जातो, बसून तोल सांभाळावा लागतो, छाती उघडते, हा व्यायामच आहे आणि वर माणसाला आपण माणसात आल्यासारखं वाटतं. पाण्याची बाटली मी मुद्दाम टेबलावर जरा लांब ठेवायला लागले, हात लांबवून घेता येईल अशी. आई चिडल्या. "एवढं पाणी द्यायला होत नाही तुला?" मी म्हटलं, "आई, तुम्ही घ्या, मी आहे इथेच." शेजारच्या बेडच्या बाई माझ्याकडे अशा बघत होत्या की कसली सून आहे ही. समजावत बसले नाही. बाटली घेताना आई बेडवरून पाठ सोडून पुढे वाकायच्या, तेच मला हवं होतं.

झोपलेल्या वेळेतही थोडं काम असतं, पोटरीखाली उशी म्हणजे टाच अधांतरी राहते आणि तिथे जखम होत नाही, दर दोनेक तासांनी कूस बदल, पाऊलं वर-खाली. ते रेडिओच्या गाण्यांबरोबर आपोआप व्हायला लागलं.

डिस्चार्जच्या आधी जिना करून घेतला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, आणि कठड्याला हात. घरी तीनच पायऱ्या आहेत पण त्या तीन पायऱ्यांची धास्ती आईंना ऑपरेशनपेक्षा जास्त होती. जाताना मात्र नियम म्हणून व्हीलचेअरवर बसवून गेटपर्यंत नेलं, आई वॉर्डबॉयला सांगतायत मी चालते, तो म्हणतोय आजी नियम आहे.

घरी आल्यावर सोपं होईल वाटलं होतं, नाही झालं. घरचा बेड उंच, सोफा खोल, कमोड बुटका, आणि कागद चिकटवणारी फिजिओ नाही. कमोडवर उंची वाढवणारी सीट बसवली, सोफा बाद करून हात असलेली टणक खुर्ची दिली. दाखवायला गेलो तेव्हा सर्जननी टाके बघायच्या आधी विचारलं, हात न टेकता खुर्चीतून उठता येतं का? आई एकदा उठल्या, दुसऱ्यांदा अर्ध्यात बसल्या. आता रोज सकाळी-संध्याकाळी तेच चाललंय, खुर्चीवर आधी एक उशी टाकून, कारण उंची वाढली की उठायला सोपं जातं. उशीसकट सलग पाच वेळा जमतं, उशी काढली की दोनदा.